नुसत्या कमिशनवर फ्लॅट विकायचा जॉब घेताय? आधी हे बघा

वाकड, हिंजवडी, वाघोली, पुण्यात कुठेही जा, "सेल्ससाठी मुलं-मुली पाहिजेत, कमाईला लिमिट नाही" अशी जाहिरात दिसतेच आणि इंटरव्ह्यूला गेलं की कळतं फिक्स पगार शून्य. असा जॉब वाईटच असतो असं नाही, पण सगळे विचारतात किती टक्के मिळणार, आणि पैसे हातात कधी पडणार हे विचारायचंच राहतं. खरी गोम तिथे आहे.

हिशोब करून बघा. ६० लाखांचा फ्लॅट गेला, बिल्डरने तुम्हाला कामाला ठेवणाऱ्या एजंट कंपनीला समजा ३ टक्के दिले म्हणजे १ लाख ८० हजार, त्यातला तुमचा वाटा पाव धरला तर ४५ हजार, २ टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापला जाणारा टॅक्स, गेला की ४४,१००. ऐकायला मस्त. पण बिल्डर साधारण ॲग्रीमेंट रजिस्टर झाल्यावरच बिल घेतो, त्यासाठी क्लायंटचं लोन सँक्शन व्हायला पाहिजे, त्याने स्वतःचे पैसे भरायला पाहिजेत, मग बिल्डर कंपनीला देणार आणि कंपनी तुम्हाला. बुकिंगनंतर दोन-तीन महिन्यांत आले तर नशीब समजा, आणि मधेच बुकिंग कॅन्सल झालं तर एवढी धावपळ करून हातात काहीच नाही. पहिलं बुकिंग मिळायला लागणारा वेळ वेगळाच. म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च, भाडं आणि हप्ते धरून, बाजूला असल्याशिवाय यात पडू नका. पेट्रोल आणि मोबाईलचा खर्चही बहुतेक तुमचाच.

जॉइन कधी करताय तेही बघा. दसरा-दिवाळी आणि पाडव्याला बुकिंगची गर्दी, पितृपक्षात शुकशुकाट. पितृपक्षाच्या तोंडावर पाटी कोरी घेऊन जॉइन झालात तर सुरुवातीलाच हात-पाय गळतात.

मॅनेजरला सरळ विचारा, लीड, म्हणजे फ्लॅट घेऊ बघणाऱ्यांचे फोन नंबर, कोण देणार? कंपनी पोर्टलवरच्या जाहिरातींचे पैसे भरून लीड देत असेल तर गोष्ट वेगळी, पण "तुमच्या ओळखीतल्यांपासून सुरू करा" म्हणाले तर मामा-काका संपल्यावर काय करायचं? सोडून गेल्यावर अडकलेलं कमिशन मिळतं का, हे लेखी घ्या, तोंडी नको. कंपनीचा महारेराचा (राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाचा) एजंट नंबर महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघा, नंबरच नसेल तर पुढचं बोलणंच नको. ट्रेनिंगचे किंवा जॉइनिंगचे पैसे मागितले तर चहा पिऊन निघा. आणि जमलं तर तिथून सोडून गेलेल्या एखाद्याला गाठा, आत काम करणाऱ्यापेक्षा तो मोकळेपणाने बोलेल.

अजून एक, असं काम म्हणजे बहुतेक वेळा सॅलरी स्लिप नाही, पीएफ नाही. उद्या स्वतःला होम लोन पाहिजे असेल तर बँक आधी आयटीआर मागणार, म्हणून पहिल्या वर्षापासूनच रिटर्न भरा, कापलेला टीडीएसही त्यातच परत मागता येतो.

आत्ता नोकरी चालू असेल तर लगेच राजीनामा नको. साइट व्हिजिट बऱ्याचशा शनिवार-रविवारीच असतात, तेव्हा तुमच्या आत्ताच्या नोकरीच्या ऑफर लेटरमध्ये दुसरं काम चालतं का ते बघून घ्या आणि चालत असेल तर या नव्या कंपनीच्या मॅनेजरला विचारा, दोन महिने वीकएंडला येऊ का? तेवढ्यात अनोळखी माणसाला फोन करून साइटवर बोलवायला जमतंय का हे तुमचं तुम्हालाच कळेल.