जुना दागिना घ्यायला निघण्यापूर्वी

ओळखीतलं कुणी म्हणालं, "आमच्या पाटल्या द्यायच्या आहेत, तुमच्यात कुणाला हव्यात का?" तर लगेच "कितीला?" असं विचारू नका. आधी घरी कागद घेऊन बसा आणि दोन आकडे काढा. तसाच दागिना आज दुकानातून नवा घेतला तर किती पडेल, हा वरचा आकडा. हाच दागिना घेऊन उद्या सकाळी सराफाकडे मोडीत दिला तर हातात किती येतील, हा खालचा. जुन्या दागिन्याची रास्त किंमत या दोहोंच्या मध्येच कुठेतरी असते. समोरचा माणूस पहिला भाव सांगतो आणि मग आपलं मन त्याच भावाभोवती फिरत राहतं, म्हणून हे गणित आधी झालेलं असावं.

हिशेबाला सोपं पडावं म्हणून समजा, २४ कॅरेटचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये आहे. २२ कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, म्हणून त्याचा भाव ९,१६०. पाटल्या ४० ग्रॅमच्या असतील तर नुसतं सोनं ३,६६,४०० रुपयांचं झालं. नव्या घेतल्या तर त्यावर घडणावळ येते. ती १० टक्के धरली तर ३६,६४० रुपये, आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. म्हणजे साधारण ४,१५,००० रुपये. मोडीत देताना सराफ घट धरतो. ती ३ टक्के धरली तर हाती ३,५५,००० च्या आसपास पडतात. मधलं अंतर ६०,००० रुपयांचं आहे आणि सगळी बोलणी त्यातच होणार. प्रत्यक्ष भाव त्या दिवशीचा घ्या. मुंबईच्या इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे रोजचे दर जीएसटी आणि घडणावळ सोडून असतात, त्यामुळे हिशेबाला तेच बरे. दुकानाच्या फलकावर मात्र दर २४ कॅरेटचा आहे की २२ चा, करासह आहे की कराविना, हे विचारूनच आकडा उचला.

माझं स्पष्ट मत असं आहे की पाटल्या, गोठ, बिलवर, साधी साखळी असे ज्यांची घडण आजही कुठेही सहज मिळते, ते दागिने सोन्याच्या किमतीला किंवा त्याहून थोडं खालीच घ्यावेत. घडणावळीचे पैसे पहिल्या मालकाने भरले, ते आपण पुन्हा भरण्याचं कारण नाही. जुन्या हातची ठुशी किंवा नीट जपलेला कोल्हापुरी साज असेल तर गोष्ट वेगळी. तसं काम आज करून घ्यायला कारागीर शोधावा लागतो, म्हणून सोन्यावर थोडे जास्त द्यायला हरकत नाही. पण तो दागिना तुमच्या घरात खरोखर वापरला जाणार असेल तरच. कपाटात ठेवायला घेतलेल्या दागिन्याची कारागिरी मोडीत शून्य भावाने जाते.

आता वजन. फसगत सगळ्यात जास्त इथे होते. दाखवताना सांगतात ते बहुधा एकूण वजन असतं. बोरमाळेचे मणी आणि साजाची पानं म्हणजे पातळ पत्रा आणि आत लाख. दागिना चेपू नये म्हणून लाख भरतात, त्यात लबाडी काहीच नाही. पण ती लाख सोन्याच्या भावाने विकत घेतली तर नुकसान मोठं होतं. ३० ग्रॅमची बोरमाळ आहे, त्यात लाख आणि दोरा मिळून ९ ग्रॅम आहे आणि सोनं २० कॅरेटचं निघालं, असं धरा. निव्वळ सोनं २१ ग्रॅम आणि त्याची किंमत वरच्याच भावाने १,७४,९३० रुपये. तीच माळ ३० ग्रॅम आणि २२ कॅरेट समजून घेतली असती तर २,७४,८०० गेले असते. एका माळेत जवळजवळ लाखाचा फरक. लाखेचं नेमकं वजन दागिना न मोडता कळत नाही. म्हणून मूळ पावतीवर निव्वळ वजन लिहिलंय का ते आधी पाहा. पावती नसेल तर असे दागिने स्वतः घडवणाऱ्या कारागिराला दाखवा, म्हणजे कोल्हापूरच्या गुजरीत किंवा तुमच्या गावच्या सोनार आळीत. विकणारा कारागीर नको, घडवणारा हवा. तो जो अंदाज देईल त्यातला कमी आकडा धरून चला. साज असेल तर पानंही मोजा. पारंपरिक साजाला २१ पानं असतात. आता कमी पानांचेही करतात, पण जुना म्हणून सांगितलेल्या साजात पानं कमी असतील किंवा एखाद्या पानाची घडण बाकीच्यांशी जुळत नसेल तर ते मागाहून बसवलंय का, ते विचारा.

तोळ्याचाही खुलासा करून घ्या. आजीच्या काळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आजच्या बोलण्यातला १० ग्रॅमचा. "चार तोळ्यांचा हार" म्हणजे ४० ग्रॅम की साडेशेहेचाळीस, हे काट्यावरच ठरवा. जुन्या चिठ्ठीत गुंजा आणि मासे असतील तर ८ गुंजांचा मासा आणि १२ माशांचा तोळा धरून ग्रॅम काढा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा सोबत असला की वाद उरत नाही.

शुद्धतेसाठी दागिन्यावर कोरलेला एचयूआयडी शोधा, म्हणजे अक्षरं आणि अंक मिळून सहा खुणांचा त्या नगाचा स्वतंत्र क्रमांक. तो जुलै २०२१ पासून आला. त्याच्याजवळ बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह आणि 22K916 ऐवजी कधी 18K750, कधी 14K585 असा शुद्धतेचा आकडा असतो. या तिन्हींपैकी एक जरी नसलं तर हॉलमार्क अपुरा समजा. भिंग सोबत न्या, अक्षरं फार बारीक असतात. बीआयएस केअर ॲपमध्ये हा क्रमांक टाकला की दागिन्याचा प्रकार, शुद्धता, नोंदणीकृत सराफ आणि हॉलमार्किंग केंद्र दिसतं. तिथे बांगडी लिहिलंय आणि तुमच्या हातात साखळी आहे, असं झालं तर तिथेच थांबा. जुलै २०२१ च्या आधी हॉलमार्क झालेल्या दागिन्यांवर एचयूआयडी नसतो. केंद्राची आणि सराफाची खूण असते. भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं. त्यामुळे "सासूबाईंच्या लग्नातला, सत्तर सालचा" म्हणून दाखवलेल्या हारावर बीआयएसचा शिक्का असेल तर एक तर हार नंतर घडवलाय किंवा शिक्का नंतरचा आहे. आणि जुन्या दागिन्यावर हॉलमार्क नाही म्हणून तो वाईट ठरत नाही. फक्त तपासणी आपल्याला करून घ्यावी लागते.

ती तपासणी स्वस्त आहे. बीआयएस-मान्य केंद्रात सामान्य ग्राहकही दागिने नेऊ शकतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५ रुपये असं शुल्क ठरलेलं आहे. दीड-दोन लाखांच्या खरेदीआधी एवढा खर्च करायला लोक का कचरतात ते मला कळत नाही. सराफाच्या टंच (शुद्धता मोजणाऱ्या) मशीनवर विसंबायचं असेल तर त्याची मर्यादा लक्षात ठेवा. ते वरचा अगदी पातळ थर वाचतं, त्यामुळे जाड मुलामा असला तर फसतं. म्हणून एकाच जागी नाही, फासा, डागाची म्हणजे सोनं जोडलेली जागा, मागची बाजू असं चार-पाच ठिकाणी वाचायला सांगा. जुन्या दागिन्यात डाग फार असतील तर सरासरी शुद्धता खाली येते.

भरीव पाटल्यांसाठी घरचा एक उपाय चांगला आहे. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. पाटली दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने पाटलीच्या वजनाला भागा. २२ कॅरेटला उत्तर साडेसतरा-पावणेअठराच्या आसपास येतं. १५-१६ आलं तर सोनं कमी आहे किंवा आत पोकळी आहे. पोकळ आणि लाख भरलेल्या दागिन्यांना हा उपाय लावू नका, आणि मोत्यांना तर पाणीच नको.

नथ, तन्मणी, चिंचपेटी यांत सोनं थोडं आणि मोती जास्त, म्हणून हिशेबही उलटा. "बसऱ्याचे मोती" हे शब्द ऐकले की भाव दुप्पट होतो. खरे बसरा मोती इराणच्या आखातातले. नैसर्गिक मोत्यांचा तो व्यापार १९३० च्या दशकात कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात वाढवलेल्या मोत्यांमुळे बसला. डोळ्यांनी बघून नैसर्गिक आणि कल्चर्ड मोती सांगता येत नाहीत, त्याला क्ष-किरण तपासणी लागते. ती मुंबईच्या जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडियासारख्या प्रयोगशाळेत होते. दाखला नसेल तर मोती साधे समजूनच किंमत करा. हिऱ्यालाही हाच नियम लावा. खिशातलं डायमंड टेस्टर प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्यालाही हिराच म्हणतं, आणि अशा हिऱ्यांना परत विकताना भाव फारच कमी येतो. माणिक-पाचूंचे पैसे दाखल्याशिवाय देऊच नयेत. खड्यांचं वजन सोन्यातून वजा झालंय ना, तेही पाहा.

मग दागिना अंगावर घालून पाहा. ठुशी घट्ट बसते, गळ्याला अपुरी पडली तर पटवेकऱ्याकडे पुन्हा गाठवायला द्यावी लागेल. साखळीच्या कड्या आतून झिजल्यात का, नथीचा फासा बसतो का, बोरमाळेचे मणी चेपलेत का, सगळ्याच्या दुरुस्तीचा अंदाज घेऊन तेवढे पैसे किमतीतून कमी करा.

दागिना कुणाचा, हा प्रश्न शेवटी विचारायचा नाही. तो भाव ठरण्याआधीच विचारायचा. मूळ पावती, जुना लग्नातला फोटो, काहीतरी मागा. आईच्या पाटल्या मुलगा विकत असेल आणि आई हयात असेल, तर तिच्याशी स्वतः बोला. स्त्रीधनावर तिचा हक्क आहे आणि तिला न विचारता निघालेला दागिना आपण घेऊ नये. बँकेत किंवा सराफाकडे गहाण आहे का तेही विचारा, असेल तर सोडवल्याची पावती बघूनच पुढे जा. चोरीचा माल आहे असं समजण्याला कारण असताना घेतला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली घेणाराही सापडतो. भाव संशयास्पद स्वस्त असणं हेही कारण ठरू शकतं.

विकणारी व्यक्ती अडचणीत असेल, दवाखाना किंवा फी तोंडावर आली असेल, तर मोडीच्या आकड्याखाली जाऊ नका. तेवढे पैसे तिला सराफही देणार आहे. दोघांनी मिळून केंद्रात तपासणी करावी, अहवाल दोघांनीही पाहावा आणि त्या दिवशीच्या दराने हिशेब मांडावा. नात्यात तर हाच एक मार्ग मला योग्य वाटतो, कारण मग दहा वर्षांनी "तुम्ही स्वस्तात नेलंत" असं म्हणायला जागा राहत नाही.

दुकानातून जुना दागिना घेणार असाल तर हॉलमार्किंग सक्तीचं असलेल्या जिल्ह्यांत १ एप्रिल २०२३ पासून सराफाला एचयूआयडीशिवाय सोन्याचा दागिना विकता येत नाही. दोन ग्रॅमच्या आतले आणि कुंदन, पोलकी, जडाऊ असे काही अपवाद आहेत. "जुना आहे म्हणून एचयूआयडी नाही" हे उत्तर चालत नाही. पक्कं बिल, त्यावर निव्वळ वजन आणि कॅरेट हवंच.

व्यवहाराचा दिवस बँकेच्या कामाचा ठेवा. दोन लाख किंवा जास्त रक्कम रोखीने घ्यायला प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे, तेव्हा पैसे खात्यातूनच द्या, लहान रक्कम असली तरी. कागदावर दोघांची नावं, दागिन्याचं वर्णन, एकूण आणि निव्वळ वजन, शुद्धता, दर, तारीख लिहून दोघांच्या सह्या घ्या, ओळखपत्राची प्रत जोडा आणि तपासणीचा अहवालही त्याच पाकिटात ठेवा. पुढे तुम्हाला हा दागिना विकायचा झाला तर खरेदीची किंमत दाखवायला हेच पाकीट लागेल.