पुण्याला न जाता स्वतःची गाणी कशी चालवायची: मराठवाड्यात बसून गाणाऱ्यांसाठी

स्वतः लिहिणारी, स्वतः चाल लावणारी आणि स्वतःच गाणारी पोरं-पोरी आता लातूर, नांदेड, बीड, परभणी कुठंही भेटतात आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो, पुण्याला जाऊ का? माझं म्हणणं, सुरुवातीची दोन-तीन वर्षं तरी नको. तिथं खोलीचं भाडं भरायला दिवसभर कुठंतरी नोकरी करणार, रात्री थकून झोपणार, गाणं राहिलं बाजूला. इथंच राहून कार्यक्रमाच्या पैशावर घर चालवायचं, त्याच कार्यक्रमात मधेच घुसवून स्वतःचं गाणं लोकांच्या तोंडात बसवायचं, आणि हे होईपर्यंत त्या गाण्याची मालकी कुणाला लिहून द्यायची नाही. एवढं जमलं की मग पुणे-मुंबई खुशाल करा, मुंबईला तपोवन एक्सप्रेस रोज जाते.

आधी पोटाचं बघू. आपल्याकडं सुपारीचा, म्हणजे पैसे घेऊन कार्यक्रम करायचा, हंगाम ठरलेला आहे. 1 ऑगस्टला अण्णाभाऊंची जयंती, मग गणपती, 17 सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिन, नवरात्र, तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई, जानेवारीत कॉलेजची गॅदरिंग आणि 14 तारखेला नामविस्तार दिन, 19 फेब्रुवारीला शिवजयंती, आणि 14 एप्रिलपासून भीमजयंती जी सुरू होते ती गावोगाव पार मे महिन्यापर्यंत चालते. मिरग निघाला की फोन बंद. लोक पेरणीत असतात, त्यांच्याकडं तुमच्यासाठी ना वेळ ना पैसा, म्हणून जून-जुलै हे लिहायचे आणि रेकॉर्डिंगचे महिने आधीच धरून ठेवायचे आणि एप्रिलच्या पैशातले थोडे त्यासाठी बाजूला काढायचे.

पैसे ठरवताना आकडा ऐकून खूश होऊ नका. समजा दहा हजारात ठरलं. ढोलकीवाल्याचे दीड, पॅडवाल्याचे दोन, कॅसिओवाल्याचे दोन, गाडीचे दीड, रस्त्यातल्या चहा-जेवणाचे पाचशे, तुमच्या हातात राहिले अडीच. साउंड कुणाचा हे आधी विचारलं नसेल तर तेही गेले. म्हणून साउंड, गाडी, जेवण आणि संपायची वेळ या चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून घ्यायच्या, फोनवरचं बोलणं सकाळी कुणालाच आठवत नाही. इसार निम्मा आधी, उरलेले स्टेजवर चढायच्या आधी, कारण कार्यक्रम संपला की अध्यक्ष सापडत नाही आणि खजिनदार म्हणतो अध्यक्षांना विचारा. रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद हा नियम आहे, सणासुदीला ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट मिळते, पण ती सूट आज आहे का हे मंडळाला विचारून घ्या, नाहीतर नऊला सुरू झालेला कार्यक्रम तुमच्या गाण्यापर्यंत पोचतच नाही. पोरींनी परतीची गाडी आयोजकाच्या खर्चात आणि आपल्या ओळखीच्या ड्रायव्हरची, यावर अजिबात तडजोड करू नये.

आता मुद्द्याचं, स्वतःचं गाणं कार्यक्रमात कसं घुसवायचं. पहिलंच गाणं आपलं म्हणलं की लोक तंबाखू मळायला लागतात हे पक्कं. आधी वंदन, मग दोन ओळखीची गाणी, टाळ्या यायला लागल्या की चौथं आपलं. निवेदकाला आधीच सांगून ठेवायचं की 'आता आपले नवोदित कलाकार स्वतःची रचना' वगैरे म्हणू नको, कारण 'रचना' शब्द ऐकला की माणूस लघवीला उठतो. गाण्याआधी भाषण नको, एक वाक्य पुरे, शक्यतो त्याच गावातलं काहीतरी, तळं, शाळा, बसथांबा, काहीही. धृपद एका ओळीचं ठेवा, दुसऱ्यांदा आलं की लोकांना म्हणता यायला पाहिजे. तिसऱ्या वेळी कॅसिओ, पॅड सगळं थांबवायचं आणि नुसत्या हलगीवर लोकांकडून म्हणवून घ्यायचं. शेवटचं गाणं झाल्यावर जाता जाता तेच धृपद परत एकदा. घरी जाताना चार जण जरी गुणगुणत गेले तरी ते गाणं रेकॉर्ड करण्यालायक आहे, आणि पाच-सहा गावांत कुणीच उचललं नाही तर ते रेकॉर्ड करू नका, भले तुम्हाला कितीही आवडत असलं तरी. पैसे घालायच्या आधी गाणं तपासायची एवढी स्वस्त सोय मुंबईतल्या गायकाला पण नाही.

लोक उचलत नाहीत याचं बहुतेक वेळा कारण भाषा असते. दिवसभर 'काय करूलालास', 'कुठं जाऊलालाव' बोलणारा माणूस वही उघडली की एकदम 'मेघ बरसले अंगणी, मन हे चिंब जाहले' लिहायला लागतो. अरे कुणाचं अंगण, कुठले मेघ? त्याच पोराला विचारलं पाऊस आला तेव्हा घरी काय झालं, तर तो म्हणतो 'सोयाबीन भिजलं खळ्यावर अन् बाप गप बसला'. ही ओळ झाली की, केरव्याच्या तालात बसते पण. नाथांनी पैठणात भारुडं लिहिली ती रस्त्यावरच्या माणसांच्या तोंडची, आणि आपल्या गंगाखेडची जनाबाई दळण-कांडणच गात होती, मग आपल्यालाच पुस्तकी मराठीचा सोस कशाला? सराव म्हणून जात्यावरच्या ओव्या ऐका. ग्राइंडमिल साँग्स प्रोजेक्टमध्ये एक लाखाच्या वर ओव्या जमवलेल्या आहेत, त्यातल्या बऱ्याच पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियाच्या साइटवर फुकट ऐकायला मिळतात, परभणी-बीडच्या बाया पण आहेत त्यात. दोन ओळीत अख्खं सासर-माहेर कसं बसवायचं ते त्यांच्याकडून शिका. त्यांची ओवी उचलून स्वतःच्या नावावर मात्र लावू नका.

चालीचं पण तसंच. पिक्चरच्या चालीवर शब्द बसवायची आपल्याकडं जुनी रीत आहे, स्टेजवर ते खपतं, पण यूट्यूबवर टाकलं की त्यांची कंटेंट आयडी नावाची आपोआप तपासणी ते पकडते आणि त्या व्हिडिओचे पैसे चालीच्या मालकाकडं जातात. गोंधळाची, आराध्यांची, भलरीची पारंपरिक चाल वापरायला हरकत नाही, ती कुणा एकाची नाही, फक्त दुसऱ्याने केलेलं रेकॉर्डिंग किंवा म्युझिक उचलायचं नाही, आपलं नव्याने वाजवून घ्यायचं.

रेकॉर्डिंगला जायच्या आधी पट्टी ठरवा. स्टुडिओवाला त्याच्या सोयीच्या पट्टीत ट्रॅक बनवून ठेवतो आणि मग काळी एकवाल्याला काळी चारमध्ये ओरडावं लागतं. पेटीवर बसून सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा सूर आरामात लागतो का बघा, पट्टी कागदावर लिहून द्या. घरी करणार असाल तर माईक लॅपटॉपला जोडणारा एक साधा ऑडिओ इंटरफेस, एक कंडेन्सर माईक, हेडफोन आणि लॅपटॉप एवढ्यावर आवाज चांगला निघतो, सॉफ्टवेअर बँडलॅब फुकट आहे, रीपर 60 दिवस वापरून बघता येतं. खरा त्रास वेगळाच असतो. एक तर पत्र्याचं घर, आवाज घुमतो. घरातल्या असतील नसतील त्या वाकळा काढा, माईकच्या मागे आणि तुमच्या पाठीमागे दोरीवर टाका, डोक्यावर पण एक आडवी टाकली तर अजून चांगलं, उकडतं पण घुमणं जातं. दुसरं, कूलर आणि पंखा बंद, बाहेर मोटार चालू असेल तर ती बंद व्हायची वाट बघा. तिसरं म्हणजे ती बारीक गुणगुण जी हेडफोनमध्ये सतत येते. ती बहुतेक वेळा अर्थिंगची असते, लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर रेकॉर्ड करा, लगेच जाते. लाइट गेल्यावर मस्त रेकॉर्डिंग होतं ते याच्यामुळंच, लोडशेडिंगचा एवढा एकच फायदा. माईकपासून वीतभर लांब उभं राहायचं, जोरात गाताना पण सॉफ्टवेअरचं मीटर लाल होऊ द्यायचं नाही, ते -12 ते -6 डीबीच्या मधे खेळलं पाहिजे. मिक्सिंग स्वतः करत बसू नका, ते जाणकाराला पैसे देऊन करून घ्या, आणि फायनल वेव्ह फाइल, गाणाऱ्याचा आवाज काढून नुसत्या म्युझिकचा ट्रॅक आणि सगळे वेगवेगळे ट्रॅक पेनड्राइव्हवर घेतल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका.

आता मालकी, इथं जरा हळू वाचा. जालन्याकडच्या एका पोरानं स्वतःचं गाणं एका चॅनलवाल्याला पाच हजारात दिलं, एका पानावर सही केली, गाणं चाललं, आणि नंतर त्याने स्वतःच्या चॅनलवर स्टेजचा व्हिडिओ टाकला तर त्यालाच कॉपीराइटचा क्लेम आला. आपल्याकडं असे बरेच सापडतील. त्यामुळं काही गोष्टी पाठ करून ठेवा. शब्दांचा मालक गीतकार, चालीचा मालक संगीतकार, आणि रेकॉर्डिंगचा मालक निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन जबाबदारीने ते करवून घेतलं तो. पैसे तुम्ही दिले असतील तर पावती तुमच्या नावाने घ्या आणि त्यावर गाण्याचं नाव असू द्या. शब्द मित्राचे असतील तर त्याच्याशी आधीच कागद करा, मैत्री टिकते. कॉपीराइट गाणं तयार झालं की आपोआप असतो, नोंदणी सक्तीची नाही, पण भांडण झालं तर कामाला येते. कुणी करार पुढं केला तर किती वर्षं आणि कुठल्या प्रदेशासाठी हे आधी बघायचं. कायद्यानुसार हक्क लिहून देणं हे लेखी आणि सहीनिशीच लागतं, त्यात मुदत लिहिली नसेल तर 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून समोरचा 'कायमस्वरूपी, संपूर्ण जगासाठी' असं छापून आणतो. तिथं पेन खाली ठेवायचा आणि म्हणायचं, 3 वर्षं करा. आणि कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा असा आहे की तो वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कुणाला लिहून देताच येत नाही, त्यामुळं सही करून बसला असाल तरी सगळं गेलं असं समजू नका, वकिलाला दाखवा. गीतकार आणि संगीतकार दोन्ही म्हणून आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या कॉपीराइट सोसायटीचं, सभासद व्हा, ऑनलाइन अर्ज होतो, आणि प्रत्येक नवीन गाणं तिथं नोंदवत जा.

गाणं स्पॉटिफायसारख्या सगळ्या ॲपवर टाकायला डिस्ट्रिब्युटर, म्हणजे मधली कंपनी लागते. राउटनोटसारखे फुकट टाकतात आणि कमाईतले 15 टक्के कापतात, काहींची वर्षाची फी असते आणि फी थांबली की गाणी उतरू शकतात, सुरुवातीला फुकटवालाच बरा. कव्हर 3000 बाय 3000 पिक्सेल, आणि नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकदा ठरवलं की ठरवलं, नाहीतर एका माणसाची तीन प्रोफाइल तयार होतात. स्पॉटिफायला त्यांच्या प्लेलिस्टच्या निवडीसाठी पाठवायचं तर रिलीजच्या किमान 7 दिवस आधी, म्हणजे गाणं तीन-चार आठवडे आधीच चढवून ठेवा. कमाईची आस सध्या बेताची ठेवा, स्पॉटिफायवर वर्षात 1000 वेळा न वाजलेल्या गाण्याला काही मिळत नाही, यूट्यूबला जाहिरातीच्या पैशासाठी 1000 सबस्क्रायबर आणि वर्षात लोकांनी बघितलेले 4000 तास लागतात किंवा शॉर्ट्सचे 90 दिवसांत 1 कोटी व्ह्यूज. आपल्याकडं तरी हे सगळं पुढची सुपारी मिळवायचं साधन म्हणूनच धरा.

आकाशवाणीला कमी लेखू नका. ऑडिशन द्या, बी ग्रेड जरी मिळाली तरी कॉलेजवाले आणि सरकारी कार्यक्रमवाले त्या एका ओळीवर वेगळ्या नजरेनं बघतात. सगळ्या पत्रिका, कात्रणं, प्रमाणपत्रं फाइलला लावत जा. म्हातारे कलावंत मानधनाच्या योजनेसाठी पुरावे शोधत कसे फिरतात ते बघितलं की कळतं.

रिलीजची तारीख शेतीकडं बघून धरा. गणपतीच्या आठवड्यात भजन आणि डीजे सोडून काही चालत नाही. बीड, धारूर, वडवणी, पाटोदा या भागातली माणसं तुमचा श्रोता असतील तर दसरा-दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडं नाहीतर कर्नाटकात जातं ते उन्हाळा लागल्यावरच परत येतं. ते लोक स्पॉटिफायवर शोधणार नाहीत, पण ट्रॅक्टरवर रात्रभर गाणी वाजतात. टोळ्या निघायच्या आधी ट्रॅक्टरवाल्यांना पेनड्राइव्ह द्या, चौकातल्या मोबाइल शॉपीत गाणी भरून देणारा असतो त्यालाही द्या, 320 केबीपीएसची एमपी थ्री करून. फाइलच्या नावातच गाणं, तुमचं नाव आणि मोबाइल नंबर टाका, कारण ट्रॅक्टरच्या टेपवर तेवढंच दिसतं आणि फडावरच्या जयंतीची सुपारी त्याच नंबरवर येते.