केळफूल निवडून भाजी करण्याची रीत
कोकणात केळफुलाची भाजी आवडीने केली जाते, मात्र तिची खरी मेहनत निवडण्यातच असते. चिकाने बोटे काळी पडतात, म्हणून आधी हातांना व विळीला तेल लावावे. जांभळी साले एकेक सोडवून, आतील प्रत्येक फुलातला टोकाला गोळी असलेला ताठ दांडा आणि बुडाशी चिकटलेला पारदर्शक पापुद्रा काढून टाकावा, कारण हे दोन्ही कितीही शिजवले तरी मऊ होत नाहीत; या कामात केलेली घाई मला मुळीच पटत नाही. आतला पांढरा, कोवळा गाभा तसाच चिरावा. चिरलेले फूल ताक घातलेल्या पाण्यात रात्रभर ठेवल्यास तुरटपणा उतरतो. सकाळी ते घट्ट पिळून, मोहरी-हिंगाच्या फोडणीवर शिजलेल्या काळ्या वाटाण्यांसह वाफवावे आणि शेवटी मीठ, गूळ व भरपूर ओले खोबरे घालावे.