जीपचा स्पेअर गिअरबॉक्स घरी खोलताय? या चुका टाळा

पिकअप दारात चालू स्थितीत उभी आहे आणि पडवीत पोत्यावर दुसरा गिअरबॉक्स ठेवलाय, यासारखी निवांत सोय नाही. दूध पोहोचवायचं अडत नाही, गाडी चार दिवस ठोकळ्यांवर ठेवावी लागत नाही. तरीही असे कितीतरी स्पेअर बॉक्स अर्धवट खुलून डबड्यांत पडलेले मी पाहिलेत. कारण एकच असतं: हाताशी भरपूर वेळ असूनही पहिल्या संध्याकाळी सगळं सुटं करण्याची घाई.

मी इथे बोलतोय तो बोर्ग-वॉर्नरच्या टी-९० बद्दल. तीन पुढचे गिअर, एक रिव्हर्स, बिडाचं जड घर, म्हणजे बाहेरचं कवच, आणि मागे स्पायसर १८ ट्रान्सफर केस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी. सीजे-३बी जीप आणि तिच्या घराण्यातल्या पिकअपमध्ये हाच बसतो. अमेरिकेत ३बी १९५३ ते १९६८ अशी बनली. आपल्याकडे महिंद्रनं ती त्यानंतरही बरीच वर्षं चालवली. म्हणून या गाड्या अजून वाड्यावस्त्यांवर दिसतात आणि भागही मिळतात. आमची पिकअप वडिलांनी द्राक्षाच्या क्रेट वाहायला घेतली होती. तिच्यासाठी आतापर्यंत दोन बॉक्स मी घरी उभे केलेत.

घेतानाच होणारी चूक

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारात «जीपचा बॉक्स» म्हणून जे मिळेल ते टी-९० असेलच असं नाही. युद्धकाळातल्या जीपला टी-८४ होता. तोही तीन गिअरचाच, लांबून सारखाच दिसतो, पण त्याचे भाग यात बसत नाहीत. घरावरचे ओतीव आकडे तारेच्या ब्रशनं घासून वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. खुद्द टी-९० मध्येही वेगवेगळ्या गाड्यांसाठी इनपुट शाफ्टची, म्हणजे इंजिनाकडून ताकद आत आणणाऱ्या दांड्याची, लांबी वेगळी आहे. जुन्या बॉक्सचं माप, घराच्या तोंडापासून शाफ्टच्या टोकापर्यंत, कागदावर लिहून सोबत न्या. शाफ्ट आखूड पडला तर त्याचं टोक फ्लायव्हीलमधल्या, त्याला आधार देणाऱ्या पायलट बुशपर्यंत पोहोचत नाही, आणि हे सगळं बसवून झाल्यावर कळतं.

वरचं झाकण काढून दाखवायला सांगा. चार बोल्ट नाही तर सहा, दहा मिनिटांचं काम आहे. दुकानदार नाही म्हणाला तर तो बॉक्स सोडा. आत गंज पाण्याच्या रेषेसारखा एका पातळीवर दिसला, तर त्या पातळीखालची बेअरिंग गेली असं धरून चाला.

दोन बॉक्सचे चांगले चांगले भाग एकत्र करून एक बनवायचा विचार असेल, तर इनपुट शाफ्ट आणि खालचा क्लस्टर गिअर (एकाच तुकड्यात ओळीनं असलेले गिअर) ही जोडी कधीही तोडू नका. त्यांचे दात एकमेकांसोबत झिजलेले असतात, आणि आवृत्तीनुसार दातांची संख्याही बदलू शकते.

आजार गिअरबॉक्सचा आहे का, हे न पाहताच खोलणं

हे स्पेअरला लागू नाही असं वाटेल, पण आहे. स्पेअर तयार करून बसवला आणि पहिला गिअर तसाच करकरत लागला, तर सगळी मेहनत वाया. म्हणून गाडीतला बॉक्स नेमकं काय म्हणतोय ते आधी ऐका.

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलला, पाय क्लचवरून काढलेला. आवाज येतोय आणि पेडल दाबल्यावर थांबतोय, तर दोष इनपुट बेअरिंगचा किंवा क्लस्टरखालच्या रोलर्सचा. उलट, पेडल दाबल्यावरच आवाज सुरू होत असेल तर क्लच बेअरिंग किंवा पायलट बुश बघा. बॉक्स निर्दोष आहे. पहिल्या-दुसऱ्यात घरघर आणि तिसऱ्यात शांतता असेल, तर क्लस्टरचे रोलर आणि शाफ्ट जवळजवळ नक्कीच गेलेत. तिसरा गिअर थेट आहे. ताकद इनपुटमधून सरळ मेनशाफ्टमध्ये, म्हणजे ती मागे नेणाऱ्या दांड्यात जाते, क्लस्टर नुसता मोकळा फिरतो, त्यावर ओझं येत नाही.

आणि सर्वांत जास्त फसवणारी तक्रार: उभ्या गाडीत पहिला किंवा रिव्हर्स टाकताना करकर. या दोन्हींना सिंक्रो, म्हणजे गिअर लागण्याआधी वेग जुळवून घेणारी रचना, नाहीच. दाबून धरलेल्या क्लचवर पाच-सात सेकंद थांबून मग रिव्हर्स टाका. तरीही करकरला, तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलची मोकळी चाल सुमारे एक इंच आहे का, पायलट बुश शाफ्टला धरून बसत नाही ना, हे तपासा. कितीतरी बॉक्स या एका कारणासाठी विनाकारण खुलतात.

मेनशाफ्ट बांधून न ठेवणं

माझी सर्वांत महाग चूक हीच होती. ट्रान्सफर केस सुटी करताना मागचं झाकण उघडून मेनशाफ्टवरचा कॉटर पिन, नट आणि ड्राइव्ह गिअर काढावा लागतो. त्यानंतर दोन घरं एकमेकांपासून ओढायची. ड्राइव्ह गिअर शाफ्टला घट्ट बसून निघालाच नसेल, तर ट्रान्सफर केसबरोबर अख्खा मेनशाफ्टच मागे सरकतो, आणि आत दुसरा गिअर, सिंक्रो हब, पितळी रिंगा, छोट्या पट्ट्या असा पसारा पडतो.

उपाय जुन्या मॅन्युअलमधला आहे, तारेचा. वरचं झाकण काढलेल्या जागेतून दुसऱ्या गिअरच्या लगेच मागे मेनशाफ्टभोवती जाड तारेचा फेरा घ्या. वरच्या झाकणाचे पुढचे डावा-उजवा बोल्ट अर्धवट परत लावा आणि तारेची दोन्ही टोकं त्यांना आवळून पिळा. शाफ्ट जागेवरून हलत नाही. मग पुलर लावून किंवा दोन्ही बाजूंनी हलके ठोकत ट्रान्सफर केस सोडवा.

गाडीतून बॉक्स उतरवताना इंजिनाखाली आधार द्या, कारण मागचं वजन क्रॉसमेंबरवर टेकलेलं असतं. आणि काढताना किंवा बसवताना बॉक्स कधीही इनपुट शाफ्टवर लोंबकळू देऊ नका. क्लच प्लेटचा हब वाकतो, आणि नवाकोरा क्लच पहिल्याच दिवशी अडकायला लागतो. छातीवर घेऊन एकट्यानं चढवणं तर अजिबात नको. बीड आहे ते. दोन माणसं आणि ट्रॉली जॅक हवाच.

आधी धुणं, मग पाहणं

तेल स्वच्छ पांढऱ्या ताटात काढा आणि उन्हात धरा. सोनेरी बारीक चमक म्हणजे पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजल्यात. चुंबकाला चिकटणारी राखाडी पेस्ट थोडी असणं साहजिक आहे. पण पापुद्रे किंवा टोकदार तुकडे मिळाले, तर दात किंवा रोलर फुटलाय. हे पुरावे डिझेलनं धुऊन गेले की तुम्हाला काय शोधायचं तेच कळत नाही. प्रत्येक भाग काढला त्या तोंडासह, मोबाइलवर फोटो घेऊन, जुन्या पत्रावळीसारख्या पुठ्ठ्यावर ओळीनं ठेवा. सिंक्रो हब आणि त्याच्या बाहेरच्या स्लीव्हवर खडूनं नाही, डिझेलनं न धुतली जाणारी खूण करा. खडू डिझेलमध्ये जातो.

रोलर: इथे घाई केली की रात्र जाते

क्लस्टर गिअर ज्या शाफ्टवर फिरतो, त्यावर साधं बेअरिंग नाही. सुट्या बारीक रोलर्सची रांग आहे, पिंजरा नाही. हा शाफ्ट, म्हणजे काउंटरशाफ्ट, मागे ठोकून काढला की ते सगळे बॉक्सच्या घरात पसरतात. दुसऱ्या बॉक्सच्या वेळी मी ते हाताच्या तळव्यावर मोजले, पुन्हा मोजले, एक कमीच. चहाचे दोन कप थंड झाले. शेवटी तो बॉक्सच्या घराच्या कोपऱ्यात, जुन्या काळ्या तेलाच्या थराखाली दाबलेला सापडला. तो तिथेच राहिला असता, तर पहिल्या चढावर गिअरच्या दातांत गेला असता.

म्हणून गावातल्या टर्नरकडून एक डमी शाफ्ट बनवून घ्या. मूळ शाफ्टपेक्षा किंचित बारीक, आणि लांबी क्लस्टर व त्याच्या दोन्ही टोकांचे थ्रस्ट वॉशर मिळून होते तेवढीच. एक मिलीमीटरही जास्त नको. खरा शाफ्ट याच डमीच्या मागोमाग ठोकत आत न्यायचा. रोलर जागेवर चिकटून राहावेत म्हणून पेट्रोलियम जेली वापरा, ती तेलात विरघळते. जाड चाकाचं ग्रीस घालू नका.

शाफ्टवर नख फिरवून पाहा. जिथे रोलर पळतात तिथे नख अडकलं, खाचा किंवा खरवड जाणवली, तर शाफ्ट आणि रोलर दोन्ही बदला. नुसते नवे रोलर जुन्या खरवडलेल्या शाफ्टवर घातले, तर ते काही महिन्यांत परत ओरडतात. आणि बसवल्यावर क्लस्टरचा एंड प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा: ०.०१२ ते ०.०१८ इंच, म्हणजे साधारण ०.३० ते ०.४६ मिलीमीटर. जास्त असेल तर मागचा जाड थ्रस्ट वॉशर घ्या. हा प्ले वाढलेला असला की उताराला पाय काढल्यावर गिअर निसटतो, आणि लोक गिअर सरकवणाऱ्या बिचाऱ्या फोर्कला दोष देतात.

सिंक्रो रिंग डोळ्यानं पारखणं

रिंग दिसायला चकचकीत असली तरी आतल्या बारीक धारा गुळगुळीत झाल्या की ती कोनावर पकड घेत नाही. गिअरच्या कोनावर जुनी रिंग हातानं दाबून बसवा आणि तिच्या व गिअरच्या दातांमधली फट फीलर गेजनं मोजा. मग नवी रिंग घालून तेच करा. दोन्हींतला फरक तुम्हाला नेमकं सांगेल. जुनी रिंग गिअरला जवळजवळ टेकत असेल, तर ती संपली.

बेअरिंग चढवताना हातोडी बाहेरच्या रिंगवर मारू नका. तो धक्का गोळ्यांतून जातो आणि नव्या बेअरिंगला पहिल्याच दिवशी खड्डे पाडतो. बेअरिंग तेलात ८० ते १०० अंशांवर गरम करून सरकवा. उघड्या ज्योतीवर नाही.

तेल आणि सीलंट

दुकानात «जाड, महाग, भारी» म्हणून जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल देतात. पितळी सिंक्रोच्या बॉक्ससाठी ते नको. त्यातली जास्तीची गंधकयुक्त द्रव्यं पितळेला खातात. ९० किंवा ८०डब्ल्यू-९० ग्रेडचं जीएल-४ शोधून घ्या. आणि सिलिकॉन सीलंट अंगठ्याएवढ्या जाड पट्ट्यांत लावू नका. बाहेर जेवढं ओघळतं तेवढंच आतही जातं, तुटून तेलात फिरतं. कागदी गास्केट, त्यावर बोटानं पुसलेला पातळ थर, बस्स. घरात आरपार गेलेल्या बोल्टच्या आट्यांनाही थोडं लावा, तिथून गळती होते.

बॉक्स आणि ट्रान्सफर केस यांत एका बाजूचं तेल कमी आणि दुसरीकडचं वाढलेलं दिसलं, तर मेनशाफ्टच्या मागच्या बेअरिंगजवळचं सील गेलेलं असतं. दोन्ही उघडे असतानाच ते बदला.

गाडीत बसवण्याआधी टेबलावर तपासा

इनपुट शाफ्टवर खूण करून हातानं फिरवा. पहिल्या गिअरमध्ये मेनशाफ्टच्या एका फेऱ्याला इनपुट सुमारे २.८ फेरे घ्यायला हवा, दुसऱ्यात सुमारे १.५५, तिसऱ्यात बरोबर एक. कुठेही अडखळ नको. दोन गिअर एकदम लागून शाफ्ट जखडला, तर वरच्या झाकणातल्या शिफ्ट रेल्समधला इंटरलॉक प्लंजर बसवायचा राहिलाय. झाकण पुन्हा उघडा. रेल जागेवर धरणाऱ्या गोळ्यांच्या स्प्रिंगा ढिल्या असतील तर याच वेळी बदला, कारण नंतर निसटणाऱ्या दुसऱ्या गिअरसाठी सगळं परत उतरवावं लागतं.

बसवल्यावर पहिले पाचशे किलोमीटर अंगावर न आणता चालवा, मग तेल बदला आणि ताटात बघा. गाडीतून निघालेला जुना बॉक्स आता स्पेअर झाला. त्यातलं तेल काढा, आत नव्या तेलाचा हात फिरवा, मागचं-पुढचं तोंड प्लॅस्टिकनं बांधा आणि त्यावर चिठ्ठी लावा: कोणत्या गिअरला काय आवाज येत होता, कधी काढला, इनपुट शाफ्टचं माप किती.