गोचीड मेंढरांवर कमी, वाड्यात जास्त!

दोन वर्षं मी नुसती मेंढरंच धूत बसलो. आठ दिवस बरे जायचे, मग पुन्हा कानामागं, शेपटीखाली एरंडीच्या बीसारखे टम्म गोचीड. एका रात्री बॅटरी मारून वाड्याच्या दगडी भिंतीतली फट पाहिली, तर आत गोचिडांची रांगच! मादी रक्त पिऊन खाली पडते अन् असल्या फटीत हजारो अंडी घालते.

यंदा आधी लोकर कातरली. मेंढरांना पोटभर पाणी पाजलं, नाहीतर तहानेनं औषधाचंच पाणी पितात. डॉक्टरांना विचारून १.२५ टक्क्याचं डेल्टामेथ्रिन हे गोचीड मारायचं औषध घेतलं, लिटरभर पाण्यात २ मिली मिसळून मेंढरं धुतली. त्याच दिवशी फटींतही फवारलं, वाळल्यावर शेणमातीनं लिंपून टाकल्या. अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. जखमा असलेली दोन कोकरं तेवढी बाजूला ठेवली.