जुनी अनुदान प्रणाली नव्यावर नेताय? या चुका टाळा

ठिबक, अवजारे, शेततळे अशा योजनांचे अनुदान वाटणारी दहा-पंधरा वर्षांपूर्वीची संगणक प्रणाली बदलायची ठरली की बैठकांमध्ये बोलणे होते ते नव्या स्क्रीनचे, मोबाइल ॲपचे, डॅशबोर्डचे. काम अडते मात्र जुन्या डाटाच्या टेबलांत. तिथली एक नोंद चुकीची वाचली गेली की कुणाचा तरी हप्ता थांबतो, आणि त्या माणसाला तालुक्याला तीन चकरा मारूनही कारण कळत नाही. जुना डाटा नव्या प्रणालीत नेताना, म्हणजे स्थलांतरात, पुढच्या चुका बहुतेक प्रत्येक वेळी होतात.

क्षेत्राचे एकक गृहीत धरणे

जुन्या टेबलात 'क्षेत्र' हा एकच कॉलम असतो आणि त्यात ४.२० असे लिहिलेले असते. सातबारावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, म्हणून नवी टीम ते ४.२० हेक्टर धरते. पण काही कार्यालयांत नोंद एकर-गुंठ्यात होत आलेली असते. तिथे ४.२० म्हणजे चार एकर वीस गुंठे, अर्थात साडेचार एकर, म्हणजे सुमारे १.८२ हेक्टर. हा फरक थेट पैशांत उतरतो. केंद्राच्या 'प्रति थेंब अधिक पीक' योजनेत दोन हेक्टरपर्यंतच्या अल्प व अत्यल्प भूधारकाला ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान आहे. एकक चुकले की अल्पभूधारक शेतकरी 'इतर' गटात जाऊन पडतो.

ओळखायची खूण सोपी आहे. एखाद्या कार्यालयाच्या हजारो नोंदींमध्ये दशांशानंतरचा भाग कधीच ३९ च्या पुढे जात नसेल, तर ती नोंद एकर-गुंठ्याची आहे, कारण ४० गुंठ्यांचा एकर होतो. ही तपासणी तालुकावार करा, पूर्ण जिल्ह्याची एकत्र नको. रूपांतर केल्यावर मूळ आकडा आणि मूळ एकक वेगळ्या कॉलममध्ये जपून ठेवा.

सगळा मराठी मजकूर एकाच कन्व्हर्टरमधून काढणे

जुनी नावे श्रीलिपी, सुरेख, आकृती, शिवाजी अशा फॉन्टांत टंकलेली असतात. संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात. प्रत्येक फॉन्टची मांडणी निराळी, आणि एकाच टेबलात दोन तालुक्यांचे दोन फॉन्ट सापडतात. ऱ्हस्व वेलांटी जुन्या फॉन्टात अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सामायिक अक्षरसंकेतात, ती नंतर येते. रफाराचे उलट आहे. कन्व्हर्टरने हा क्रम नीट फिरवला नाही तर 'किसन'ची वेलांटी सुटी पडते आणि तिच्याखाली ठिपक्यांचे वर्तुळ दिसू लागते. त्याच कॉलममध्ये विक्रेत्याचे नाव खरोखरच इंग्रजीत टंकलेले असेल, तर त्याचे अर्थहीन मराठी होते.

रूपांतर बरोबर झाले तरी एक खाच उरते. 'कुऱ्हाडे' हे आडनाव युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिले जाते. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर, म्हणजे यू+०९३१, वापरलेले असते. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह, म्हणजे यू+२००डी. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण शोध घेतला की एकच सापडते आणि एकाच शेतकऱ्याचे दोन लाभार्थी होतात. 'ॲ'चेही तसेच आहे: एक अखंड अक्षर, दुसरे अ अधिक चंद्र. एनएफसी सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपे एकसारखी करणारी युनिकोडची ठरलेली प्रक्रिया, चालवून यातला एकही फरक मिटत नाही. त्यासाठी बदलाचे स्वतंत्र नियम लिहावे लागतात.

प्रत्येक कार्यालयाच्या किमान २०० नोंदी मराठी वाचणाऱ्या माणसाने मूळ छापील कागदाशी ताडून पाहाव्यात. यात कसर करू नये.

एक्सेलमधून डाटा नेणे

एक्सेल संख्येचे १५ अंकच राखते. १६ अंकी खाते क्रमांक त्यात उघडला की शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीची शून्ये गळतात. पैसे परत येतात, कारण म्हणून 'खाते अस्तित्वात नाही' असे येते, आणि दोष शेतकऱ्याच्या पासबुकाला दिला जातो. खाते क्रमांक सुरुवातीपासून शेवटपर्यंत मजकूर म्हणूनच हलवा, मधे एक्सेल आणूच नका.

तारखांचा घोळ अधिक लपलेला असतो. ०४/०३/२०२२ ही ४ मार्च आहे. अमेरिकन पद्धतीने वाचली तर ती ३ एप्रिल होते, आणि खर्च २०२१-२२ ऐवजी २०२२-२३ या आर्थिक वर्षात जातो. दिवस १२ च्या आत असलेल्या तारखांमध्ये चूक दिसतही नाही. म्हणून नोंदींचे महिनावार तक्ते काढा. मार्चच्या पहिल्या बारा दिवसांतला खर्च वर्षभर विखुरलेला दिसला तर तारखा फिरल्या आहेत.

आधार क्रमांकाचा बारावा अंक व्हर्होफ पद्धतीचा तपासणी अंक असतो, त्यामुळे टंकनातली चूक स्थलांतरातच पकडता येते. मात्र आधार नव्या मुख्य टेबलात ठेवायचा नाही. यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार प्राधिकरणाच्या, जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार तो स्वतंत्र, कूटबद्ध आधार व्हॉल्टमध्ये ठेवून बाकी सगळीकडे संदर्भ क्रमांक वापरावा लागतो. चाचणीसाठी विक्रेत्याला दिलेल्या प्रतीतही खरे आधार जाता कामा नयेत.

जुने कोड तसेच पुढे रेटणे

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जुन्या डाटात जव्हार, मोखाडा ठाण्यातच असतात. गावे नावावरून नव्हे, एलजीडी कोडवरून, म्हणजे केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतल्या क्रमांकावरून, जोडा. नाव ही बदलणारी गोष्ट आहे: उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. जुन्या आदेशावर मात्र तेव्हाचेच नाव छापले गेले पाहिजे.

बँक शाखेच्या आयएफएससी कोडचेही तेच. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट, अलाहाबाद, आंध्र, कॉर्पोरेशन या बँका इतरांत विलीन झाल्या आणि त्यांचे जुने कोड पुढे बंद पडले.

आजचा दर कालच्या अर्जाला लावणे

जुन्या प्रणालीत अनुदानाचे दर कोडमध्येच रुतलेले असतात आणि शासन निर्णय बदलला की कुणीतरी ती ओळ बदलत आलेले असते. नव्या प्रणालीत दरांचे वेगळे टेबल करा: योजना, घटक, दर, कधीपासून, कधीपर्यंत, शासन निर्णयाचा क्रमांक. अर्जाला कोणत्या दिनांकाचा दर लागतो, अर्जाचा, पूर्वसंमतीचा की देयकाचा, हे विभागाकडून लेखी घ्या. लेखा शाखेतल्या लिपिकाची खासगी एक्सेल शीटही मागून घ्या. जुन्या प्रणालीला न जमलेले सगळे अपवाद तिच्यातच असतात.

'पाठवले, उत्तर नाही' याला 'दिले नाही' समजणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. पीएफएमएसकडे, म्हणजे केंद्राच्या सार्वजनिक वित्त व्यवस्थापन प्रणालीकडे, पाठवलेल्या काही देयकांचे उत्तर बदलाच्या दिवशी आलेले नसते. नवी प्रणाली ती 'प्रलंबित' धरून पुन्हा पाठवते आणि अनुदान दोनदा जमा होते. मग वसुलीची नोटीस जाते, तीही शेतकऱ्याने ठिबक बसवून पैसे खर्च केल्यावर. देयकांच्या स्थिती चार ठेवा: दिले, नाकारले, पाठवायचे आहे, उत्तर बाकी. चौथ्या स्थितीतले देयक उत्तर येईपर्यंत कुलूपबंद राहील. देयकाचा जुना संदर्भ क्रमांक नव्यातही कायम ठेवा आणि तो दुसऱ्यांदा पाठवता येणार नाही अशी अट थेट डाटाबेसमध्ये घाला, नुसती स्क्रीनवर नको.

आधारवर आधारित देयकात पैसे तुमच्या टेबलातल्या खात्यात जातच नाहीत. एनपीसीआय मॅपरवर, म्हणजे कोणता आधार कोणत्या बँकेशी जोडला आहे त्या यादीत, शेवटी जोडलेल्या बँकेत जातात. 'पैसे आले नाहीत' या तक्रारीत ते बऱ्याचदा दुसऱ्याच बँकेत जमा झालेले असतात. तालुक्याच्या स्क्रीनवर जमा झालेल्या बँकेचे नाव दिसलेच पाहिजे.

ताळमेळ जुन्या अहवालाशीच लावणे

जुन्या प्रणालीचा अहवाल चुकलेला असेल तर नवी त्याच चुकीशी जुळते. खर्च कोषागाराच्या आकड्यांशी, लेखाशीर्षनिहाय, पैशापर्यंत जुळवा. केंद्र हिस्सा, राज्य हिस्सा, अनुसूचित जाती आणि जमाती घटक वेगवेगळे तपासा. उपयोगिता प्रमाणपत्रे, म्हणजे पैसे ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे दाखले, बाकी असलेली जुनी अनुदानेही आणावी लागतात. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांतील (जीएफआर २०१७) नियम २३८ नुसार केंद्रीय अनुदानाचे प्रमाणपत्र आर्थिक वर्ष संपल्यापासून बारा महिन्यांत द्यायचे असते.

बदल फेब्रुवारी-मार्चमध्ये करू नका. मे-जूनमध्ये एका तालुक्यात दोन्ही प्रणाली एकत्र चालवा, किमान एक पूर्ण देयकचक्र होईपर्यंत. पैसे फक्त एकीकडूनच जातील. जुनी प्रणाली त्यानंतरही केवळ पाहण्यापुरती सुरू ठेवा. लेखापरीक्षक पाच वर्षांपूर्वीची मोका तपासणी, म्हणजे जागेवर जाऊन केलेली पाहणी, मागतात, आणि तिचा स्कॅन बहुधा टेबलात नसून जुन्या सर्व्हरच्या एखाद्या फोल्डरमध्येच पडलेला असतो.