आधी इंजिन, मग गाडी: ६५० ट्विनवर छोटी कार बांधताना

रॉयल एनफिल्डच्या ६५० ट्विनचा, म्हणजे दोन सिलिंडरच्या ६५० सीसी बाईकच्या इंजिनाचा आवाज माझ्या कानात बसलाय. क्रँक (पिस्टन ज्यावर फिरतात तो दांडा) २७० अंशांचा, त्यामुळे दोन सिलिंडरचे स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत आणि इंजिन ठोके देत पळतं. भोसरीत माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. दोन सीटची, उघडी, हलकी गाडी बांधायची तर हेच इंजिन मागे बसवून, हे माझं पक्कं होतं. तुम्हालाही अशी बांधायची असेल तर सांगतो.

ही गाडी रस्त्यावर काढता येणार नाही, हे आधीच धरून चाला. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीशी न जुळणारा बदल करू देत नाही, आणि नव्या गाडीच्या नोंदणीआधी आपल्या कोथरूडच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेची प्रोटोटाइप (नमुना गाडीची) मंजुरी लागते. ट्रेलरवर चढवायची आणि ट्रॅकवर न्यायची.

सुटं इंजिन घेऊ नका, अख्खी बाईक घ्या आणि तिची आरसी रीतसर रद्द करून घ्या. वायरिंग, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), इग्निशन लॉक, ऑइल कूलर सगळं लागतं. बाईक आडवी पडली की इंजिन बंद करणारा सेन्सर मूळ होता त्याच दिशेला बसवा. तिरका बसला तर स्टार्टर फिरेल, इंजिन उठणार नाही.

आता खरी गोष्ट. बाईक वळणावर झुकते, म्हणून तेल संपच्या, म्हणजे इंजिनखालच्या तेलाच्या भांड्याच्या, तळाशीच दाबलेलं राहतं. कार झुकत नाही. लांब वळणावर तेल एका बाजूला चढतं, पंप हवा ओढतो, प्रेशर पडतं आणि बेअरिंग जातात. संपमध्ये तेल आडवं धावू नये म्हणून आडपत्रे बसवल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. डॅशवर ऑइल प्रेशरचा काटा हवा, शेजारी मोठा लाल दिवा. वळणावर काट्याकडे बघायला सवड नसते, दिवा मात्र दिसतो. इंजिनला हवेचीही सवय आहे, ती पाठीमागे मिळत नाही. दोन्ही बाजूंनी डक्ट आणि कूलरवर पंखा द्या. एप्रिलमधलं पुण्याचं ऊन लक्षात ठेवा.

वजनाचा हिशेब कागदावर करा. बाईक रायडरसकट तीनशे किलोच्या आत, तुमची गाडी दोघांसकट सहाशेच्या आसपास. ४७ हॉर्सपॉवर तेवढेच, तेव्हा गिअरिंग खाली आणावं लागतं. १४५/८० आर १२ टायर बाईकच्या मागच्या चाकापेक्षा लहान, त्यामुळे थोडं काम फुकटात होतं. उरलेलं स्प्रॉकेटवर, म्हणजे चेनच्या दातेरी चक्रांवर. पुढे १५ दाते ठेवून मागे ३८ च्या जागी ५४ घेतले, तर सहाव्या गिअरला ताशी एकशेपंधरा-वीसच्या आसपास वेग निघतो. क्लचही वाचतो, आणि छोट्या ट्रॅकवर याहून जास्त लागतच नाही.

डिफरन्शियल (वळणावर दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच, थोडक्यात डिफ) मारुती ८०० चं घ्या. चेनचं मागचं स्प्रॉकेट यावरच बसतं. नाना पेठेत किंवा जुन्या बाजारात चौकशी करा. गिअर हाताने फिरवून दात बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. केसिंग लेथवर करून घ्या, बेअरिंगची बैठक घट्ट हवी.

चॅसीला २५ मिमीचा चौकोनी पाईप, १.६ जाडीचा. मात्र डोक्यामागच्या रोल हूपला (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीला) जाड सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा पाईपच. इंजिन, डिफ आणि सीट जमिनीवर मांडा, स्वतः बसून बघा, मग पाईप कापा. सगळीकडे आधी नुसतं टॅक, म्हणजे वेल्डिंगचे छोटे टिपके, मारा. इंजिन माउंटला लांबट भोकं ठेवा, म्हणजे चेन ताणता येते आणि दोन्ही स्प्रॉकेट एका रेषेत आणता येतात.

बाईकला रिव्हर्स नसतो. डिफच्या स्प्रॉकेटवर गुंतणारी छोटी स्टार्टर मोटर मागे घ्यायला पुरते.

चेन तुमच्या पाठीमागे फिरणार आहे. तुटली तर सीटच्या दिशेने येऊ शकते. म्हणून वरून आणि पुढून अडीच-तीन मिमीच्या स्टीलचं कव्हर द्या, चेनच्या तिप्पट रुंद. अ‍ॅल्युमिनियम चालणार नाही. हे बसेपर्यंत इंजिन गिअरमध्ये टाकायचं नाही, गाडी घोडीवर असली तरी.